गच्चीवर जे पडतं ते आपलं

11 एप्रिल 2016 ला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. 10 डबे, 5 लाख लिटर पाणी. जलदूत हे तिचं नाव. पुढं डबे 50 झाले आणि एका फेरीत 25 लाख लिटर यायला लागलं. आमची तहान भागवणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, म्हणून कृष्णेचं पाणी साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर रुळांवरून आमच्याकडं येत होतं. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. ज्यांनी तो उन्हाळा लातुरात काढला, त्यांच्या घरात आजही कुणी नळ उघडा ठेवून दात घासत नाही.

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते. मुलं वर्गात रेल्वेचंच बोलायची. डब्यात किती पाणी मावतं, आपल्या गल्लीला किती येणार, सोलापूरकडून येते की कुर्डुवाडीकडून. त्यांच्या प्रश्नांतूनच एक गणित मी फळ्यावर मांडलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पर्जन्यमापकाचा धडा शिकवताना हे वाक्य दरवर्षी यायचं. त्या दिवशी मी उदाहरणाला माझ्याच घराची गच्ची घेतली. हजार चौरस फूट म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. लातूरकडं बऱ्या वर्षी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस होतो. सातशेच धरला तरी 65 हजार लिटर. उडून जाणारं, उताराला अडून राहणारं, पहिल्या सरीत सोडून द्यायचं असं सगळं वजा केलं तरी 50 हजार लिटर हाताशी राहतं. जलदूतच्या एका डब्यात साधारण तेवढंच पाणी होतं.

वर्गात शांतता झाली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मग ते पाणी जातंय कुठं?"

गटारात जात होतं. आमच्याही, तिच्याही, शहरातल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या गच्चीवरून. निम्माच पाऊस झाला असं धरलं, तरी 25 हजार लिटर. चार माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला 20 लिटर लागतं असं म्हटलं तर वर्षाचे होतात साडेसात हजारांच्याही आत. म्हणजे दुष्काळी वर्षातसुद्धा प्यायच्या पाण्याच्या तिप्पट पाणी घरावर पडून जात होतं. घराच्या बाबतीत मी जे काही केलं, त्याची सुरुवात त्या मुलीच्या प्रश्नापासून झाली.

आमचं घर सासऱ्यांनी 1995 साली बांधलं. मूळ गाव औसा तालुक्यात. तिथलं जुनं घर माळवदाचं होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, वर लाकडी तख्तपोशी आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी दरवर्षी वर नवी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा वैशाखातल्या भर दुपारीही त्या घरात अंग गार राहायचं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक नुकते पाठ टेकलेले. तीच जाड माती, तेच दगड माणसांवर आले. दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. आमच्या गावातलं नुकसान त्यामानानं कमी, पण घर राहण्याजोगं उरलं नाही. मामंजी म्हणाले, "आता डोक्यावर माती नको." आणि त्यांनी शहरात प्लॉट घेऊन आरसीसीचं घर बांधलं.

मामंजींचं बरोबरच होतं. या भागात ज्यानं ती सकाळ पाहिली आहे, त्याला कुणी मातीच्या घरांचे गोडवे गाऊन दाखवू नयेत. पर्यावरणपूरक घर म्हटलं की मासिकांत मातीच्या भिंतींचे देखणे फोटो येतात. माती वाईट नाही. आता भूकंपाला टिकेल असं मातीचं बांधकाम करणारे जाणकार आहेत. पण आमच्यापुढं प्रश्न वेगळा होता. उभं असलेलं, धडधाकट, कर्ज फेडून झालेलं सिमेंटचं घर हाताशी होतं. ते पाडून नवं "हिरवं" घर बांधणं म्हणजे इतकं सिमेंट, इतकं लोखंड आणि इतकी वाळू मातीत घालणं. म्हणून ठरवलं, घर हेच राहणार, एक भिंतसुद्धा पाडायची नाही. घरावर जे पडतं ते धरायचं आणि घरातून जे बाहेर जातं त्याची वाट बदलायची.

पहिलं काम पाण्याचं. पैसे थोडे असतील तर सगळ्यांत आधी पाण्यावरच घालावेत, हे माझं मत आजही आहे. आमच्या गच्चीला चार कोपऱ्यांत चार पाइप होते आणि चारही चार दिशांनी गटाराला मिळत होते. मे महिन्यात गवंडी आणि नळाचं काम करणारा मुलगा असे दोघं आले. भिंतीच्या कडेनं चारही पाइप एका आडव्या पाइपात घेतले. त्या पाइपाच्या शेवटी खाली एक तोंड ठेवलं, त्याला झाकण. पावसाळ्याच्या सुरुवातीचं पाणी, ज्यात वर्षभराची धूळ, चिमण्या-कबुतरांची विष्ठा, लिंबोळ्या असतात, ते या तोंडातून बाहेर सोडून द्यायचं. गच्ची स्वच्छ धुतली गेली, खाली येणारं पाणी निवळ दिसायला लागलं की झाकण बंद. मग पाणी जाळीतून आणि वाळू-खडीच्या एका लहान टाकीतून हौदात येतं. हौद जमिनीखाली, 10 हजार लिटरचा, मामंजींनीच बांधलेला. त्याला उजेड लागू द्यायचा नाही, झाकण घट्ट हवं, नाहीतर शेवाळ आणि डास दोन्ही होतात.

ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना रोजचे 20 लिटर म्हणजे पाच हजार लिटरही लागत नाहीत. हौद भरला की पिण्याची काळजी मिटली. राहिलेलं पाणी बोअरला.

बोअरचं काम बघायला गल्ली जमली होती. लातुरात पाणी कमी झालं की लोक आणखी खोल बोअर घेतात. पाचशे फुटांवर लागलं नाही तर सातशे, तिथं नाही तर पुढं. आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. लाव्ह्याचे थरावर थर. त्यात पाणी साठायला जागा असते ती फक्त भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. वरच्या काळ्या मातीतून पाणी झिरपत खाली जायला फार वेळ लागतो. खोल गेलं की जे लागतं ते कित्येक वर्षांचं साठलेलं पाणी. ते एकदा उपसलं की लवकर भरून येत नाही. म्हणजे खोल बोअर घेणं हे पाणी मिळवणं झालंच नाही, पुढच्यांचं आधी संपवणं झालं. हे मी वर्गात शिकवत होतेच. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसल्या असताना तेच पुन्हा सांगितलं.

बोअरच्या केसिंगभोवती गवंड्यानं माणूस उतरून काम करू शकेल एवढा खड्डा घेतला. खड्ड्यातल्या केसिंगच्या भागाला ड्रिलनं बारीक भोकं पाडली, वरून नायलॉनची जाळी दोन पदर गुंडाळून तारेनं घट्ट बांधली. तळाला मोठे दगडगोटे, मग लहान, मग खडी, सगळ्यांत वर जाडी वाळू. हौदाचा ओव्हरफ्लो या खड्ड्यात सोडला. गवंडी पन्नाशीचा, हात चालवता चालवता म्हणाला, "बाई, लोक बोअरमधून पाणी काढतेत, तुमी बोअरला पाजूलालाव." नंतर त्याचं या कामात मन एवढं बसलं की त्यानं स्वतःच ते नीट शिकून घेतलं आणि आता दर उन्हाळ्यात त्याला याच कामाची बोलावणी येतात.

इथं एक गोष्ट ठासून सांगते. बोअरमध्ये फक्त गच्चीवरचं, गाळलेलं पाणी सोडायचं. अंगणातलं, रस्त्यावरचं, मोरीचं पाणी चुकूनही नाही. केसिंगला भोकं पाडली म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचं दार आपण उघडलं. घाण त्या दारातून गेली तर ती आपल्याच नाही, आसपासच्या सगळ्यांच्या बोअरला जाईल. वरची वाळू दरवर्षी काढून धुवावी लागते. ज्याला हे करायचा कंटाळा आहे, त्यानं बोअरच्या नादी न लागता बोअरपासून दूर साधा शोषखड्डा घ्यावा.

घरात मतभेद झाले ते शेजाऱ्यांवरून. ह्यांचं म्हणणं, "खर्च आपण करायचा, पाणी आपण मुरवायचं आणि उपसणार समोरचे. त्यांची मोटर आपल्यापेक्षा मोठी." म्हणणं खोटं नव्हतं. जमिनीखाली कंपाउंड नसतं. भेग ज्या दिशेनं जाते, पाणी त्या दिशेनं जातं. मी म्हटलं, आजवर आपणही कुणाकुणाच्या शेतात मुरलेलं पाणीच उपसत आलो आहोत. पण ह्यांच्या शंकेतूनच पुढची वाट निघाली. एकट्या घरानं हे करून पुरत नाही, तर गल्लीनं करायला हवं. ह्यांनीच मग समोरच्यांशी बोलणं काढलं, गवंड्याचा आणि सामानाचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. नव्या बोअरला जो खर्च येतो, त्याच्या लहानशा हिश्श्यात हे काम होतं. हिशेबाचा कागद माझ्या भूगोलापेक्षा जास्त पटला. 2016 च्याच सप्टेंबरमध्ये लातूरकडं जबरदस्त पाऊस झाला, मांजरा धरण भरलं. तोवर गल्लीत आमच्यासारखी आणखी काही घरं तयार होती.

हौदातल्या पाण्याचं खरं कौतुक केलं ते आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. लातूर तुरीच्या बाजारपेठेचं गाव, घरात रोज वरण. पण बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ नीट शिजत नाही, दाणा वेगळा राहतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. आत्याबाईंनी पहिल्यांदा त्या पाण्यात डाळ लावली, कुकर उघडला आणि मला हाक मारली, "ये बघ गं, डाळ कशी मेणावानी शिजलीय." तेव्हापासून कुकरच्या शिट्ट्या कमी झाल्या, म्हणजे गॅसही कमी लागायला लागला. पाण्याचा आणि सिलिंडरचा असा संबंध मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता.

आणखी एक यंत्र त्या पाण्यानं बंद केलं, आरओचं. बोअरचं पाणी जड म्हणून आम्ही ते घेतलं होतं. एक लिटर गोड पाणी द्यायला ते दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे मोरीत सोडतं. टँकरचं पाणी विकत घ्यायचं आणि त्यातला मोठा भाग सांडून द्यायचा, हे बघवत नव्हतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 साली सांगितलं की ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत, तिथं आरओ वापरायला मनाई करावी. पावसाचं पाणी त्या आकड्याच्या कितीतरी खाली असतं. आम्ही ते फडक्यानं गाळून, उकळून पितो. ज्यांच्याकडं आरओशिवाय इलाज नाही, त्यांनी निदान त्या नळीखाली बादली ठेवावी. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. झाडांना मात्र घालू नये, क्षार साठून माती बिघडते.

न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी बागेकडं वळवलं. संडासाचं पाणी वेगळं, त्याची टाकी वेगळी, ते यात मिसळत नाही. न्हाणीचं पाणी आधी दगडगोटे भरलेल्या उथळ चरातून जातं. चरात कर्दळ लावली आहे, तिची मुळं साबणाचं पाणी बऱ्यापैकी साफ करतात. तिच्यापुढं केळी आणि शेवटी शोषखड्डा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात गावोगावी असे शोषखड्डे झाले, तेव्हा उघडी गटारं आणि डास दोन्ही कमी झाल्याचं मी तिकडच्या शिक्षकांकडून ऐकत होते. आमच्या परसात जिथं काळं पाणी तुंबायचं, तिथं आता केळीचे घड लागतात. स्वयंपाकघरातल्या पाण्यात तेल असतं, ते या चरात आणण्याआधी एका लहान चेंबरमध्ये थांबवावं लागतं. वरचा तवंग आठवड्यातून एकदा काढायचा. हे काम कुणालाच आवडत नाही, पण टाळलं तर चर कुजतो.

आता ऊन. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42च्या वर जातो. माळवदाची माती दिवसभराची उष्णता पोटात घ्यायची आणि ती आत यायला रात्र व्हायची. सिमेंटचा स्लॅब चार-पाच इंचांचा. तो दुपारी चारपर्यंत तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खाली आग ओततो. भूकंपापासून वाचवणारं घर आम्हांला उन्हाच्या हवाली करून बसलं होतं. सगळ्यांनी कूलर घेतले. कूलरला दिवसाला बादल्यांवर बादल्या पाणी लागतं. 2016 च्या उन्हाळ्यात दारात कूलर होते, वीजही होती, आणि आत घालायला पाणी नव्हतं. गारव्याचा प्रश्नही पाण्याचाच असतो हे तेव्हा कळलं. म्हणून घरातच ऊन कमी घ्यायचं ठरवलं.

स्लॅबवर चुना लावला. चुनकळी रात्री भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, त्यात थोडं फेव्हिकॉल घालून मोठ्या ब्रशनं दोन हात द्यायचे. फेब्रुवारीच्या शेवटी हे काम होतं. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण फरक पायाला कळतो. भर दुपारी शेजारच्या उघड्या स्लॅबवर अनवाणी उभं राहता येत नाही, आमच्या गच्चीवर आत्याबाई कुरडया वाळवायला चालत जातात. मेमधल्या वळवाच्या सरींनी सुटा चुना धुऊन जातो आणि ते पाणी आम्ही सोडूनच देतो, त्यामुळं हौदातल्या पाण्याला काही होत नाही. दरवर्षी लावावा लागतो ही त्याची अडचण. ज्यांना जमेल त्यांनी पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्यावेत, ते वर्षानुवर्षं टिकतात.

दुसरा शत्रू पश्चिमेची भिंत. दुपारनंतरचं तिरपं ऊन तिच्यावर थेट येतं, पडदे लावून ते अडत नाही, कारण तोवर भिंत तापलेली असते. ऊन भिंतीच्या बाहेरच अडवायला हवं. आमच्याकडं तुरीचं पीक मोठं, तुऱ्हाट्या लोक बांधावर जाळून टाकतात. गावाकडून त्या आणून ताट्या विणून घेतल्या आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवून उभ्या केल्या. मधल्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. ताट्यांपलीकडं कडुनिंब लावला. लहान असताना त्याला केळीच्या चरातलं पाणी पोचत होतं, आता त्याची सावली खिडकीच्या वर गेली आहे आणि ताट्यांची गरज उरली नाही. उन्हाळ्यात आम्ही सकाळी नऊला खिडक्या लावून घेतो आणि रात्री जेवणं झाल्यावर सगळ्या उघडतो. माळवदाच्या घरात आत्याबाई हेच करत होत्या. कूलर अजून आहे, पण तो मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, तेही रात्रीपुरता.

विजेबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याविषयी सगळीकडं भरपूर बोललं जातं. आधी पंखे बदलले. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा पंखा 30 वॉटच्या आसपास. आमच्याकडं पंखे वर्षाचे नऊ महिने फिरतात. मग बल्ब, मग गच्चीवर पाण्याचा सौरबंब. वापर असा खाली आणल्यावरच सोलर पॅनेलकडं वळलो. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तीत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त असेल तर 78 हजार रुपये अनुदान मिळतं. बसवणारे तीनच घ्या म्हणून मागं लागतात. आम्हांला 2 किलोवॉट पुरले, कारण घराची भूक आधीच कमी केली होती. एका किलोवॉटला दिवसाला साधारण 4 युनिट वीज मिळते, पॅनेलवरची धूळ पुसत राहिलं तर. पॅनेल उंच स्टँडवर बसवले, त्यामुळं खालच्या स्लॅबवर सावली पडते, आणि पॅनेल धुतल्याचं पाणी गच्चीवरच्या उतारानं केळीकडं जातं. वापर कमी न करता मोठं पॅनेल बसवणं मला पटत नाही. पॅनेलही कुठल्या तरी खाणीतून, कारखान्यातूनच येतं.

ओल्या कचऱ्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. आत्याबाईंना उकिरडा ठाऊक होता, त्यांनी परसातल्या एका कोपऱ्यात दोन खड्डे करून घेतले. एक भरतो, तोवर दुसरा मुरतो. भाजीची देठं, कडुनिंबाचा पाचोळा, वरून थोडं शेण किंवा आंबट ताक. फाल्गुनात कडुनिंब पानं गाळतो तेव्हा गल्लीत ठिकठिकाणी पाला पेटवायची पद्धत होती. आता शेजारणी पोती भरून आमच्याकडं आणून देतात. त्या धुरानं समोरच्या आजोबांना दम लागायचा, तो या काही वर्षांत लागलेला नाही.

एक आक्षेप मला वारंवार ऐकायला मिळतो आणि तो खरा आहे. ज्या जिल्ह्यात उसाला एवढं पाणी जातं, तिथं घरातल्या बादल्या वाचवून काय होणार? शेतीच्या मानानं घरातलं पाणी थोडं असतं. मराठवाड्यानं ऊस किती आणि कुठं लावावा हा प्रश्न घरातल्या नळाला तोटी बसवून सुटणार नाही, तो ग्रामसभेत, कारखान्यात आणि विधानसभेतच सुटायला हवा, आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण एप्रिलमध्ये धरण आटतं तेव्हा उसाचं पाणी आमच्या हंड्यात येत नाही. तेव्हा हौदात जे असेल तेच असतं. शिवाय ज्यानं स्वतःच्या गच्चीचं पाणी मोजलं आहे, तो माणूस बाकीच्या पाण्याचा हिशेब विचारायला घाबरत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका आता वॉर्डातल्या बैठकीत उभ्या राहून विचारतात की नव्या मंगल कार्यालयाच्या एवढ्या मोठ्या पत्र्यावरचं पाणी कुठं जाणार आहे.

आमच्या बोअरला आता वर्षभर भरपूर पाणी असतं असं मी म्हणणार नाही. पाऊस कमी झाला की एप्रिलमध्ये पाणी खाली जातंच. पण टँकर बोलवायची वेळ येते ती पूर्वीपेक्षा उशिरा आणि कमी वेळा. प्यायचं पाणी मात्र हे काम झाल्यापासून आम्ही कधी विकत घेतलेलं नाही.

सेवानिवृत्त झाल्यावरही मी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेत जाते आणि मुलांकडून शाळेच्या इमारतीची लांबी-रुंदी मोजून घेते. पुढचं गणित त्यांचं तेच करतात. तुम्हांलाही तेवढंच सांगायचं आहे. सोलर, खत, झाडं यांचं नंतर बघता येईल. या वर्षी मृग लागायच्या आत गच्चीवर जा, टेप लावून मोजा आणि वरून येणारा पाइप खाली कुठं मिळतो ते शोधा. तो गटाराला मिळत असेल तर हौदाकडं किंवा शोषखड्ड्याकडं वळवून घ्या. एका गवंड्याचं हे दोन-चार दिवसांचं काम आहे.